फोटोतल्या माणसाला विचारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



फोटोतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या लहानपणी फोटो काढणं म्हणजे तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाणं, केसांना चोपून तेल लावणं आणि श्वास रोखून स्टुलावर बसणं. घरात कॅमेरा आला तो थेट मुलाच्या मोबाइलमधून. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने मला छायाचित्र स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा मला वाटलं, यांचा काहीतरी गोंधळ झालाय. मी फोनवर म्हटलं, "अहो, मी बी. ए.ला मराठी घेतलेला माणूस. कविता लिहितो. कॅमेऱ्याचं कुठलं बटण दाबायचं तेही मला ठाऊक नाही." चिटणीस हसून म्हणाले, "सर, बटणवाले दोघे आहेत. तिसरा नुसता बघणारा हवाय."

नुसता बघणारा! इतकी वर्षं कविता लिहून एवढी चांगली पदवी मला कुणी दिली नव्हती. मी हो म्हणालो.

स्पर्धेचा विषय होता, आपल्या देशातल्या निरनिराळ्या प्रदेशांचं सौंदर्य आणि तिथल्या परंपरा. रविवारी सकाळी आम्ही तिघे परीक्षक एका छोट्या सभागृहात बसलो. एक ज्येष्ठ छायाचित्रकार, एक वृत्तपत्रात काम करणाऱ्या छायाचित्रकार बाई आणि मी, नुसता बघणारा. पडद्यावर एकेक फोटो येऊ लागला. काढणाऱ्याचं नाव झाकलेलं, फक्त क्रमांक आणि शीर्षक.

पहिला तासभर मी हरखून गेलो होतो. दिवेघाट चढणारी वारी, जणू पांढऱ्या टोप्यांची नदी उलटी वर निघालीय. सोमवतीच्या दिवशी भंडाऱ्याने पिवळीधमक झालेली जेजुरी. कोल्हापूरच्या तालमीतली लाल माती आणि त्या मातीत माखलेले पैलवान. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या लेकी. मग केरळचं तेय्यम, काशीचा घाट, कोचीची चिनी जाळी, पुष्करच्या मेळ्यातले उंट, नागालँडच्या हॉर्नबिल उत्सवातले पिसांचे मुकुट. आपला देश किती देखणा आहे, असं मनात येत होतं आणि आपण त्यातला किती थोडा पाहिलाय, असंही.

दुसऱ्या तासाला जरा वेगळं वाटू लागलं. वारीचे पन्नास फोटो झाले, पण वारकरी एकच. जेजुरीचे तीस झाले, पण हवेत उधळलेली मूठ एकच. कुठल्याही राज्यातला म्हातारा असो, त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात इतक्या जवळून टिपलेल्या. कुठल्याही राज्यातली बाई असो, तिच्यासमोर चूल आणि चुलीतून धूर. झोपडीच्या छपरातून उन्हाची तिरीप यायलाच हवी. देश एवढा मोठा, आणि फोटो दहा-पंधराच!

आणखी एक गोष्ट मला खटकली. एवढ्या फोटोंत कुठे विजेचा खांब नाही, गॅसची शेगडी नाही, प्लास्टिकची खुर्ची नाही. माझ्या माहितीतल्या प्रत्येक घरात प्लास्टिकची खुर्ची आहे. मी तसं म्हटल्यावर ज्येष्ठ छायाचित्रकार शांतपणे म्हणाले, "खुर्ची होती. बाहेर काढून ठेवलीय."

मग त्यांनी मला यातलं व्यवहाराचं सांगितलं. हौशी छायाचित्रकारांच्या सहली निघतात. कुठल्या घाटावर किती वाजता ऊन येतं, कुठल्या गावात कुणाच्या दारात उभं राहायचं, हे नेणाऱ्याला ठाऊक असतं. चीनमध्ये ली नावाच्या नदीवर पाणकावळे पाळून त्यांच्याकडून मासे धरून घ्यायची जुनी रीत होती. आज तिथले म्हातारे कोळी पहाटे कंदील लावून बांबूच्या तराफ्यावर उभे राहतात, ते मुख्यतः पर्यटकांच्या कॅमेऱ्यासाठी. मासे मिळाले नाहीत तरी चालतं, फोटोचे पैसे मिळतात. "त्यात वाईट काय?" ते म्हणाले, "माशांपेक्षा फोटो जास्त पोट भरत असेल, तर त्याने का उभं राहू नये?" मला याचं उत्तर सुचलं नाही.

एवढ्यात पुढचा फोटो आला. शीर्षक होतं, 'लोप पावणारी परंपरा'.

अंधारी खोली. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक जाड तिरीप खाली उतरलीय. त्या उजेडात कापसाचे कण तरंगताहेत, बर्फ पडावा तसे. खाली एक म्हातारा पिंजारी बसलाय. डोक्याला गोल जाळीची टोपी, हातात पिंजण, दुसऱ्या हातात लाकडी ठोकळा उगारलेला. मान किंचित वळलेली. डोळे कुठेतरी लांब.

"काय लाइट आहे!" ज्येष्ठ छायाचित्रकार पुढे सरकले. बाईंनीही मान डोलावली. मी मात्र खुर्चीत ताठ झालो. कारण ते माझे चाचा होते.

श्रोतेहो, आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. माझे अब्बा शिकून एस. टी.त कंडक्टर झाले, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे चाचांनी, बापाचा धंदा चालवला. आजच्या मुलांना पिंजारी म्हणजे काय ते सांगावं लागतं. मोठ्या धनुष्यासारखं लाकडी पिंजण असतं, त्याला आतड्याची ताणून बांधलेली तात. ती कापसाच्या ढिगात धरायची आणि डमरूच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याने तातेवर ठोका मारायचा. तात थरथरते, टुंई-टुंई वाजते, आणि दडपून दगड झालेला कापूस तंतू-तंतू मोकळा होतो. लगीनसराईच्या आधी नव्या गाद्या-उशा, थंडीच्या आधी जुन्या गाद्यांचा कापूस पुन्हा पिंजून भरायचा. चाचा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरत. वाड्याच्या अंगणात बायका जुन्या गाद्या उसवून ठेवत. "पिंजारीदादा, लेकीच्या लग्नाची गादी आहे, चांगली फुगली पाहिजे," असं म्हणत. मजुरी कधी पैशात मिळे, कधी ज्वारीत, कधी शेंगांत. आम्हा पोरांना त्या कापसाच्या ढिगात उडी मारायची भारी हौस. पण चाचा पिंजण आडवं धरून आम्हाला अडवत. स्वतःच्या नाकातोंडाला फडकं बांधलेलं असे, आम्हाला ते बाहेर हाकलत.

त्याचं कारण मोठेपणी कळलं. उजेडात बर्फासारखे दिसणारे ते कण, तीच कापसाची धूळ. ती वर्षानुवर्षं छातीत जाते. गिरण्यांतल्या कामगारांना याच धुळीने बिसिनोसिस नावाचा विकार होतो. पिंजाऱ्याच्या घरात त्याला कुणी एवढं मोठं नाव देत नाही, नुसतं 'खोकला' म्हणतात. चाचांचा तो खोकला भिंतीपलीकडून ऐकत मी मॅट्रिकचा अभ्यास केला. सभागृहात सगळ्यांना जो प्रकाश दिसत होता, तो मला ऐकू येत होता.

मी चिटणिसांना फोटो थांबवायला सांगितलं. म्हणालो, "हे माझे सख्खे चाचा आहेत. मला या फोटोला गुण देता येणार नाहीत." जरा शांतता पसरली. मग बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला. "यांचं नाव काय?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे फोटोखाली नाव नसेल तर उपसंपादक फोटो परत पाठवतो. इथे सकाळपासून एकाही माणसाचं नाव नाही."

खरंच नव्हतं. प्रवेशअर्जात कॅमेऱ्याचं मॉडेल विचारलं होतं, लेन्स विचारली होती, स्थळ विचारलं होतं. माणसाचं नाव विचारलं नव्हतं.

चहाच्या वेळी मी व्हरांड्यात जाऊन चाचांना फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून ते ओरडूनच बोलतात. फोटोचं विचारल्यावर म्हणाले, "हां हां, एक पोरगा आलता. भला पोरगा. पिंजण माळ्यावरनं खाली काढून दिलं त्याने." पिंजण माळ्यावर पडून कित्येक वर्षं झाली होती. १९८०च्या सुमारास आमच्याकडे कापूस पिंजायचं विजेचं मशीन आलं आणि चाचांनी पिंजण कायमचं टांगून ठेवलं. आता तर मशीनही गंजलं. त्यांचा मुलगा फोमच्या गाद्यांचं दुकान चालवतो. म्हणजे 'लोप पावणारी' म्हणून जी परंपरा पडद्यावर दाखवली होती, ती चाळीस वर्षांपूर्वीच लोप पावली होती. त्या पोराने माळ्यावरून पिंजण काढलं, गादीतला कापूस फोडून खोलीत उधळला, झरोक्याचं दार उघडलं. तो उजेड पडेपर्यंत दोघे चहा प्यायले.

"आणि टोपी?" मी विचारलं. चाचा आयुष्यभर गांधी टोपी घालत आलेत. बाजारात, एस. टी.त, गावच्या जत्रेत, सगळीकडे पांढरी गांधी टोपी. गोल टोपी फक्त नमाजाला. "त्याने गोल घालायला लावली," चाचा म्हणाले. "ती चांगली दिसती म्हणाला."

माझं डोकं तापलं. श्रोतेहो, हा माझा दुखरा कोपरा आहे. एखाद्या गावी कविसंमेलनाला गेलो, की कुणीतरी प्रेमाने म्हणतं, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" मी मराठीत लिहितो, मराठीत स्वप्नं पाहतो, पण मला हे ऐकावं लागतं. शेख महंमद श्रीगोंद्याला 'योगसंग्राम' मराठीत लिहून गेले, त्यालाही शतकं झाली. तरीही संयोजक कानाशी येऊन सांगतात, "सर, शेवटी एखादी शायरी होऊन जाऊ द्या." म्हणजे त्यांना माझ्याही डोक्यावर गोल टोपी हवी असते. माझ्या चाचांची खरी टोपी काढून त्या पोराने दुसरी घातली, कारण गांधी टोपीतला मुसलमान पिंजारी बघणाऱ्याला लगेच कळला नसता. जे खरं आहे ते फोटोत खोटं दिसतं, अशी ही गंमत.

असो. राग शांत झाल्यावर मी जरा वाचायला घेतलं. तेव्हा लक्षात आलं की हा पोरगा यातला पहिला नव्हे. मुंबईत फोटोग्राफीची संस्था निघाली १८५४ साली, म्हणजे फोटोच्या शोधानंतर पंधराच वर्षांनी. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली दोन खंड काढले. मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींचे लोक त्यात दाखवलेत. पण ती माणसं आधी एका जागी बसवून टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून आणून जोडलेला. माणूस खरा, मागचा देखावाही खरा, पण माणूस तिथे उभाच नव्हता. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी पाठबळाने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड निघाले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. बहुतेकांच्या खाली माणसाचं नाव नाही, जमातीचं आहे. माणूस हा नमुना. नमुन्याला नाव कशाला हवं?

दीडशे वर्षांत यात किती फरक पडला? १९३६ साली अमेरिकेत मंदीच्या दिवसांत डोरोथिया लँग या थोर छायाचित्रकार बाईंनी एका शेतमजूर आईचा फोटो काढला. दोन मुलं तिच्या खांद्यांत तोंड लपवून उभी आहेत. तो फोटो जगभर गेला. पण बाईंनी तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचं नाव जगाला कळलं १९७८ साली. हिरव्या डोळ्यांची ती अफगाण मुलगी तर तुम्ही पाहिलीच असेल. पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत १९८४ साली काढलेला तो फोटो पुढच्या वर्षी 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. तिचं नाव शरबत गुला, हे कळायला २००२ साल उजाडलं. स्वतःचा तो फोटोही तिने तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. सतरा वर्षं जग तिच्या डोळ्यांत बघत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' नावाची एक स्पर्धा आहे. २०१० साली नेदरलँड्समध्ये ती सुरू झाली आणि मग जगभर पसरली. जुन्या वास्तूंचे फोटो काढायचे आणि ते सगळ्यांना मोफत वापरता येतील असे खुले करायचे. २०१२ साली भारत तिच्यात पहिल्यांदा उतरला. त्या वर्षी जगभरातून साडेतीन लाखांहून अधिक फोटो आले आणि त्यांत पहिला आला तो दिल्लीच्या सफदरजंगाच्या मकबऱ्याचा फोटो. फार चांगलं काम आहे हे. पण तिथली एक शिस्त माझ्या मनात राहिली. वास्तू कुठली, ती कुठे आहे, याची नोंद द्यावीच लागते. म्हणजे दगडी इमारतीचं नाव आपण आस्थेने विचारतो. आणि जित्या माणसाच्या फोटोखाली लिहितो, 'एक वृद्ध'.

आता दुसऱ्या फेरीकडे येतो. त्या दिवशी एक साधा फोटो आला होता. गच्चीवर तीन बायका कुरडया घालताहेत. ऊन डोक्यावर, त्यामुळे चेहऱ्यांवर सावल्या वेड्यावाकड्या. कोपऱ्यात पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी आणि डिश अँटेना. पण खाली काढणाऱ्याने लिहिलं होतं, तिघींची नावं, त्यांचं एकमेकींशी नातं, गव्हाचा चीक कुणी काढला, सोऱ्या कुणाच्या माहेरचा. शेवटी लिहिलं होतं, 'डावीकडची सावली माझ्या आईची आहे, ती फोटोत यायला लाजते.' ज्येष्ठ छायाचित्रकार म्हणाले, "फोटो म्हणून कच्चा आहे." ते खरंच असणार. मी म्हटलं, "सकाळपासून परंपरा म्हणून मला हीच एक दिसली. उद्या कुरडया खायलाही मिळतील इथे." आमचा बराच वाद झाला. बाई माझ्या बाजूने होत्या. शेवटी त्या फोटोला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आणि चाचांच्या फोटोला, मी गुण दिले नसतानाही, दुसरं.

मी दोन गोष्टी संस्थेला लिहून दिल्या. पुढच्या वर्षीच्या अर्जात फोटोतल्या माणसाचं नाव आणि त्याची परवानगी यांचा रकाना ठेवा. आणि फोटोची एक प्रत त्या माणसाला पोचली पाहिजे, अशी अट घाला. आपल्याकडचा १९५७ चा कायदा सांगतो की फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. ते बरोबरच आहे, मेहनत त्याची असते. पण ज्याच्या चेहऱ्यावर फोटो उभा राहतो, त्याला निदान एक कागद मिळावा, एवढंच माझं म्हणणं. संस्थेने पहिली गोष्ट मान्य केली. दुसरीला खर्च येतो म्हणाले. मीही ताणलं नाही.

बक्षीस जाहीर झाल्यावर त्या पोराचा नंबर मिळाला. त्याला फोन करून मी बरंच काही सुनावणार होतो. पण आवाज इतका कोवळा निघाला की माझीच वाक्यं अडखळली. इंजिनीअरिंग करून नोकरी शोधत होता, उसन्या लेन्सवर फोटो काढत होता. चाचा माझे कोण हे कळल्यावर तो गप्पच झाला. मग म्हणाला, "सर, मी प्रत देणार होतो. प्रिंटचे पैसे नव्हते तेव्हा. आता बक्षिसाचे आलेत. आपण दोघे जाऊ या का?"

गेलो आम्ही. त्याने फोटो चांगला मोठा करून, काच लावून आणला होता. चाचांनी तो मांडीवर घेतला. चष्मा पुसून पुन्हा लावला आणि बघत राहिले. टोपीवरून ते आता बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. बोलले ते वेगळंच. "चष्मा निकालो बोल्या उने. कायकू? चष्म्याबिगर मेरेकू तात दिखती क्या?" पोरगा ओशाळला. म्हणाला, "चाचा, काचेवर उजेड चमकत होता." चाचा हसले. काम करताना आपल्याला चष्मा लागायचा, एवढंच त्यांना नोंदवून ठेवायचं होतं.

मग त्यांनी फोटो जरा लांब धरला. मघाचं हसू गेलं. त्यांनी चाचींना हाक मारली, मुलाला दुकानातून बोलावलं. म्हणाले, "ह्यात मी नाही. अब्बा आहेत."

आमच्या दादांचा, म्हणजे आजोबांचा, एकही फोटो नाही. मी जन्मायच्या आधीच ते गेले. घरात फोटोला जुन्या माणसांचा विरोधच होता. तसबिरी असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, असं दादी म्हणायची. तीसुद्धा कॅमेऱ्यासमोर एकदाच बसली, १९९३ नंतर मतदार ओळखपत्रं निघाली तेव्हा. ओळखपत्रावरच्या त्या काळपट चौकोनाशिवाय तिचंही आमच्याकडे काही नाही. दादांचा चेहरा कसा होता, हे आता जगात एकट्या चाचांना माहीत आहे. आणि ते सांगत होते, "अब्बा असेच बसायचे. अशीच मान वळवून. चष्मा नव्हता त्यांना. आणि टोपी हीच, गोल जाळीची. गांधी टोपी आमच्या पिढीत आली."

मी त्या पोराकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. ज्या टोपीवरून मी दोन महिने धुमसत होतो, ती माझ्या आजोबांची निघाली. पोराला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने तिला चांगली दिसते म्हणून निवडलं होतं. मला ती चुकीची वाटली, तेही ऐकीव रागातूनच. आम्ही दोघेही चाचांना न विचारताच त्यांच्या डोक्यावरच्या टोपीचा निकाल लावून बसलो होतो.

श्रोतेहो, म्हणून खोटे फोटो काढावेत, असं मी म्हणत नाही. खुर्ची बाहेर काढून ठेवली, तर आपलं गाव आपल्यालाच ओळखू येणार नाही, हे माझं मत कायम आहे. 'लोप पावणारी परंपरा' हे शीर्षकही मला पटत नाही. पण फोटोत काय आहे हे काढणाऱ्याला अर्धंच माहीत असतं, परीक्षकाला त्याहूनही कमी. उरलेलं ज्याचा फोटो आहे त्याच्याकडे असतं. आणि ते घेण्यासाठी लेन्स लागत नाही. तिथे बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो आणि "चाचा, तुमचं नाव काय? हे तुम्ही कधी करत होता? आता काय करता?" असं विचारावं लागतं.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. येत्या आषाढीला, मोहरमला, पोळ्याला, गावच्या जत्रेला तुम्हीही फोटो काढाल. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात कडेगावच्या मोहरमला गगनचुंबी ताबूत निघतात, त्यांत हिंदू घराण्यांचेही मान असतात. लांबून फोटो काढाल तर नुसती उंची दिसेल. जवळ जाऊन विचाराल तर कुणाचा काय मान आहे ते कळेल, आणि ते सांगताना त्या माणसाचा चेहरा कसा फुलतो तेही दिसेल. तो फोटो काढा. जमलं तर त्याला पाठवा.

त्या दिवशी निघताना पोराने चाचांचा आणखी एक फोटो काढला. दुकानाच्या दारात, मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फोमच्या गाद्यांची चळत, डोक्यावर गांधी टोपी, डोळ्यांवर चष्मा, आणि चष्म्याच्या काचेवर रस्त्यावरचा सगळा उजेड. कुठल्याही स्पर्धेत त्याला बक्षीस मिळणार नाही. तो आता दुकानात गल्ल्याच्या वर टांगलाय. पहिला घरात आहे, दादीच्या ओळखपत्रासोबत, कपाटात. फरिश्त्यांची अडचण नको म्हणून चाचा तो भिंतीवर लावत नाहीत. आम्ही गेलो की काढून दाखवतात.

आता तुम्ही विचाराल, एवढं नावाचं पुराण सांगितलं, मग चाचांचं नाव काय? या भाषणाआधी मी त्यांची परवानगी मागितली. ते म्हणाले, "सगळं सांग. नाव नको. रेडिओ ऐकून उधारीवाले दुकानात यायचे."

विचारलं होतं, म्हणून हेही कळलं.